धाड टाकून गर्भपात सुरक्षित होत नाही

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पोलिसांनी ओढ्याकाठची जमीन उकरली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्याच्या थोडंच आधी गावातल्या एका दवाखान्यात गर्भपात करून घेताना एक तरुण विवाहिता दगावली होती. तिच्या मृत्यूचा तपास करताना पोलीस ओढ्यापर्यंत पोचले. दवाखाना चालवणारा डॉक्टर होमिओपॅथीचा होता. पुढे तपासाचे धागे कर्नाटकातही गेले, विधानसभेत आवाज उठला, चॅनेलवाले म्हैसाळात तळ ठोकून होते.

या प्रकरणातून आपण शिकलो काय, हा मला पडलेला प्रश्न आहे. तिथे गुन्हे दोन होते. पोटातला गर्भ मुलीचा आहे हे आधी कुणीतरी मशीनवर पाहून सांगितलं होतं, हा पहिला. ज्याला गर्भपात करण्याचा कायद्यानं अधिकारच नाही अशा माणसानं तो केला, हा दुसरा. दोन्हींना वेगवेगळे कायदे आहेत आणि दोन्हींत तुरुंगवास आहे. आपण मात्र दोन्ही गुन्हे एकाच पोत्यात भरले आणि वर चिठ्ठी लावली ‘गर्भपात’. तेव्हापासून सांगली-साताऱ्यात हा शब्द आरोग्य खात्याच्या बैठकीतसुद्धा दबक्या आवाजात उच्चारला जातो. सरकारी यंत्रणा गर्भपाताकडे बघते ती पोलिसांच्या नजरेनं. बाईला सेवा कुठे मिळेल हे विचारणारं कुणी नाही, तिनं ती कुठे घेतली हे विचारणारे पुष्कळ आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. म्हैसाळसारखे दवाखाने बंद करायचे असतील तर त्यांच्याकडे जाणारी बाई आधी दुसरीकडे वळली पाहिजे, आणि ती वळेल अशी जागा म्हणजे तालुक्याचं सरकारी रुग्णालय. तिथे गर्भपाताची सेवा ठरलेल्या दिवशी, फुकट, कुणाचीही सही न मागता मिळत नाही तोवर कितीही धाडी घातल्या तरी एक दवाखाना बंद होऊन पलीकडच्या गावात दुसरा उघडेल.

कायदा इथे आडवा येत नाही, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेत २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला, तेव्हा आपल्याकडेही चर्चा झडल्या. तिकडच्या बायकांची लढाई हक्कासाठी आहे. आपल्याकडे हक्क कागदावर पन्नास वर्षांहून जुना आहे. १९६४ साली केंद्र सरकारनं जी समिती नेमली तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. समितीनं १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. चोरून, नको त्या हातांनी होणाऱ्या गर्भपातात बायका मरतात, ही त्यामागची मुख्य चिंता होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात, तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गर्भारपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या वगैरे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मतानं आठवड्यांची मर्यादाच नाही. गर्भनिरोधक फसलं हे कारण पूर्वी फक्त विवाहितेला चालायचं, आता कायदा ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ म्हणतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २४ आठवड्यांची सवलत अविवाहितेलाही असल्याचं स्पष्ट केलं.

आणि संमती? सज्ञान बाईची स्वतःची, बस्स. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही.

आता दवाखान्यात जाऊन बघा. ‘मालकांना घेऊन या.’ हे वाक्य आपल्या भागात इतकं रुळलंय की ते कायद्यातलंच आहे असं बायकाही समजतात आणि बरेच डॉक्टरही. मालक नसतील तर सासू, सासू नसेल तर भाऊ. मुलगी अविवाहित असेल तर आधी प्रवचन, मग आईवडिलांना फोन. गोपनीयता मोडणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीनं एक वर्षापर्यंत कैद ठेवली आहे, हे त्या फोन करणाऱ्याला कुणी सांगत नाही. काही ठिकाणी तर ‘तांबी बसवून घेणार असशील तरच’ अशी अट. दोन मुलींच्या आईला पाहिलं की भुवया उंचावतात. ती खरंच लिंगनिदान करून आली असेल अशी शंका येणं मी समजू शकतो, पण सात आठवड्यांची गर्भवती असलेली बाईही त्याच संशयाखाली परत पाठवली जाते. इथे शंका संपते आणि अडाणीपणा सुरू होतो.

कारण सोनोग्राफीत बारा-तेरा आठवड्यांच्या आत गर्भाचं लिंग भरवशानं दिसतच नाही. गर्भपाताच्या गोळ्या आपल्या नियमांत नऊ आठवड्यांपर्यंत दिल्या जातात. म्हणजे गोळ्यांनी होणारा गर्भपात सोनोग्राफीत मुलगी दिसली म्हणून केलेला असणं जवळजवळ अशक्य आहे. आईच्या रक्तावरून लिंग याआधीही कळू शकतं. पण लिंग जाणून घेण्यासाठी ती चाचणी करणं भारतात बेकायदा आहे. तरीही २०१२ साली बीड जिल्ह्यातल्या परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजल्यावर राज्यभर कडक नजर बसली ती या गोळ्यांच्या विक्रीवर. प्रत्येक पाकिटाचा हिशेब द्या, डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, रजिस्टर ठेवा. गोळ्या चिठ्ठीवरच विकाव्यात याबद्दल वाद नाही. पण औषध दुकानदार माणूस व्यवहारी. ज्या मालावर चार पैसे सुटतात आणि निरीक्षक दहा वेळा दारात येतो, तो माल त्यानं ठेवणंच बंद केलं. चोरून विकणारे उरले, आणि ते किंमत लावतात ती बाईचा चेहरा बघून.

ही गोष्ट किरकोळ नाही. २०१५ सालचा देशव्यापी अंदाज सांगतो की त्या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश कुठल्याही दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही चारातला एकाहून थोडा जास्त गर्भपात बाईनं घरच्या घरी स्वतः केल्याचं आढळलं. या गोळ्या चांगल्या आहेत. बरोबर आठवड्यात, बरोबर मात्रेत घेतल्या तर त्या अतिशय सुरक्षित आहेत, आणि पहिल्या बारा आठवड्यांत बाईनं त्या घरी घ्यायलाही जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नाही. अट एवढीच की तिला नेमकी माहिती हवी आणि गरज पडल्यास गाठता येईल असा दवाखाना हवा. आपल्याकडे दोन्ही नाही. गर्भ गर्भाशयाच्या पिशवीत आहे की बीजवाहिनीच्या नळीत, हे कुणी पाहिलेलं नसतं. नळीत असेल तर गोळ्यांनी काही होत नाही आणि नळी फुटली की जीवावर बेततं. रक्त किती जाणं ठीक आणि किती धोक्याचं, हे सांगितलेलं नसतं. ताशी दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर उठून दवाखाना गाठायचा, एवढं एक वाक्य पाकिटाबरोबर मिळालं तरी जीव वाचतील. ते वाक्य सांगायला दुकानदाराला वेळ नसतो आणि आशाताईला तसा आदेश नसतो.

दर्जाचा प्रश्न यापुढे येतो, आणि तो चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांनाही लागू आहे. आपल्याकडे अजून सर्रास ‘क्युरेटिंग’ होतं. म्हणजे भूल देऊन, धातूच्या धारदार चमच्यानं पिशवी खरवडायची. ही पद्धत जुनाट झाली, ती सोडून निर्वात पोकळीनं गर्भ ओढून घेण्याची पद्धत वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सांगते आहे आणि आपल्या केंद्र सरकारची मार्गदर्शक पुस्तिकाही. त्यासाठी लागते हातानं चालणारी एक प्लॅस्टिकची सिरिंज आणि काही नळ्या. वीज लागत नाही, पूर्ण भूल लागत नाही, बाई काही तासांत घरी जाते. पिशवीला भोक पडण्याचा धोका कमी. तरी क्युरेटिंग चालू आहे. हात त्यालाच सरावलेला, भूलतज्ज्ञाचं बिल लागतं, एक रात्र खाट भरते. ‘पिशवी साफ केली’ असं बाई गावात येऊन सांगते, आणि नेमकं काय केलं हे ना तिला माहीत असतं, ना तिच्या कागदावर लिहिलेलं असतं.

पिशवीचाच विषय निघालाय तर ऊसतोडीच्या बायकांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर गदारोळ झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बातम्या बीडच्या नावानं छापल्या गेल्या. पण या बायका वर्षातले पाच-सहा महिने राहतात कुठे? आपल्या फडात, वाळवा, कराड, पलूस, कडेगावच्या शिवारात, कारखान्याच्या तळावर. पाळीचा त्रास झाला की खाडा, खाड्याचा दंड, म्हणून एकदाची पिशवीच काढून टाका, हा हिशेब आपल्या उसाच्या जोरावर चाललेला आहे. त्याच काळात यांतल्या एखादीला दिवस गेले तर ती कुणाच्या यादीत असते? तिच्या गावच्या आशाच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ आणि इथल्या आशाच्या यादीत नावच नाही. कोयत्याची, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यानं आगाऊ घेतलेली, उचल फेडायची असते, नवरा एकट्यानं तोड करू शकत नाही, गर्भ ठेवायचा नसतो. मुकादमाच्या ओळखीचा दवाखाना गाठला जातो. तिथे काय होतं त्याची नोंद बीडमध्ये नाही आणि सांगलीतही नाही.

कायदेशीर गर्भपात नाकारणारी आणि नको असलेलं गर्भाशय काढून देणारी व्यवस्था एकच आहे. दोन्हीकडे बाईला काय हवं आणि वैद्यकशास्त्र काय सांगतं यापेक्षा समोरच्याला काय सोयीचं, ते ठरतं. म्हणून गर्भपाताचा प्रश्न वेगळा काढून सुटणार नाही, तो खासगी दवाखान्यांवरच्या देखरेखीचा प्रश्नही आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी अजून १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यावर चालते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपण स्वीकारलेला नाही. २०२१ मध्ये नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरून किंवा कराडात फेरी मारून पाहा, अशी दरपत्रकं किती भिंतींवर दिसतात. आणि दिसलीच तर त्यात प्रसूती असते, सिझेरियन असतं. गर्भपाताचा दर नसतो, तो दाराआड ठरतो.

मिरजेची यात मोठी गंमत आहे. १८९४ साली विल्यम वानलेस यांनी इथे मिशन रुग्णालय उभं केलं, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि मिरज डॉक्टरांचं गाव म्हणून लांबवर प्रसिद्ध झालं. कर्नाटकातून, गोव्यातून माणसं इथे येतात. म्हैसाळ त्या मिरजेपासून हाकेच्या अंतरावर! एवढे तज्ज्ञ शेजारी असताना बाई होमिओपॅथच्या टेबलावर मेली. तेव्हा डॉक्टरांच्या संख्येवर बोट ठेवून भागत नाही. आणि अंतर खरंच जास्त असेल तिथली अवस्था तर विचारूच नये. जत तालुक्यातल्या उमदीहून सांगली शंभर किलोमीटरच्या पलीकडे. कोयनेच्या जलाशयापलीकडल्या कांदाटी खोऱ्यातली बाई आधी लाँचनं पाणी ओलांडते, मग घाट चढते. तिला ‘उद्या या, आज मॅडम नाहीत’ असं सांगणं म्हणजे तिचा आठवडा वाढवणं, आणि आठवडा वाढला की धोकाही वाढतो, नियमही बदलतो.

खरं तर प्राथमिक आरोग्य केंद्राला गर्भपातासाठी वेगळा परवाना लागत नाही, सरकारनं चालवलेलं रुग्णालय कायद्यानं आपोआप पात्र आहे. स्त्रीरोगतज्ज्ञच हवा असंही नाही. एमबीबीएस डॉक्टरनं मान्यताप्राप्त ठिकाणी २५ गर्भपातांत मदत केली आणि त्यातले किमान ५ स्वतः केले, की बारा आठवड्यांपर्यंत तो पात्र होतो. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्यांसाठी तर त्याहून कमी प्रशिक्षण पुरतं. मिरजेचं महाविद्यालय एवढं प्रशिक्षण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना देऊ शकणार नाही, असं कुणी म्हणेल का?

आयुषच्या डॉक्टरांना परवानगी द्यावी का, हा वाद इथे हमखास निघतो. एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची मुभा देण्यावरून राज्यात अलीकडेही संप झाले. माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. खेड्यात स्वतःच्या खासगी दवाखान्यात, कुणाच्याही देखरेखीविना, गर्भपाताची शस्त्रक्रिया करायला होमिओपॅथला मुभा देणं म्हणजे म्हैसाळ कायदेशीर करणं. पण सरकारी केंद्रात, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली, पहिल्या नऊ आठवड्यांत तपासून गोळ्या देणं आणि नंतर विचारपूस करणं हे काम प्रशिक्षित परिचारिका उत्तम करू शकते. जगात कित्येक ठिकाणी ती ते करते आहे. आपल्या कायद्यात आज तशी सोय नाही, ती आणावी. बाळंतपणं सिस्टरच्या हातावर सोपवणाऱ्या राज्यानं इथे एवढं सोवळं पाळायचं कारण नाही.

आता मुख्य आक्षेप. दार उघडलं तर मुली आणखी मारल्या जातील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, आणि राज्याचा आकडा ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरला. ऊस, द्राक्ष, दूध यांनी सुधारलेल्या भागाला हा आकडा शोभत नाही. पण पाहा, यावर ज्यांनी खरं काम केलं त्यांनी बोट कुठे ठेवलं. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. त्यांच्या लेक लाडकी अभियानानं गर्भवती कार्यकर्त्या पाठवून डॉक्टर पकडले ते सोनोग्राफीच्या खोलीत. गुन्हा तिथे घडतो. मशीनवर पाहून ‘पेढे’ की ‘जिलबी’ सांगणारा मोकळा ठेवायचा आणि सात आठवड्यांची बाई परत पाठवायची, यानं एकही मुलगी वाचत नाही. उलट लवकर, सहज, गोळ्यांनी गर्भपात मिळू लागला तर बाराव्या आठवड्यानंतर येणाऱ्या बायका कमी होतील, आणि ज्या येतील त्यांची कारणं नीट विचारायला यंत्रणेला वेळ मिळेल.

डॉक्टरांची बाजूही खोटी नाही. दोन कायद्यांची रजिस्टरं, तपासणीला येणाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत नाही, आणि एक रकाना रिकामा राहिला तरी वर्तमानपत्रात फोटो. अल्पवयीन मुलगी आली की पोक्सोखाली, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं भाग. तिचं नाव न देता कळवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या त्याच निकालात सांगितलं, पण ठाण्यात ते मान्य होईलच याची खात्री कोण देणार? भल्या डॉक्टरनं ‘नको बाबा ही केस’ म्हणून हात झटकले की ती केस हवेत विरत नाही. ती ज्याला फोटोची भीती नाही त्याच्याकडे जाते.

म्हणून माझी पहिली मागणी नव्या कायद्याची नाहीच, एका रजिस्टरची आहे. आज मान्यताप्राप्त केंद्रं दरमहा किती गर्भपात झाले ते वर कळवतात. किती बायका आल्या आणि परत गेल्या, का गेल्या, याची नोंद कुठेच होत नाही. डॉक्टर रजेवर, गोळ्या संपल्या, नवरा बरोबर नव्हता, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जे कारण असेल ते लिहा. ही नोंद जतच्या, आटपाडीच्या, दहिवडीच्या, मेढ्याच्या, पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात सुरू करा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मासिक बैठकीत इतर आकड्यांच्या शेजारी ठेवा. दुसरी मागणी फलकाची. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, मग ‘गर्भपात सेवा, अमुक वार, मोफत, पतीच्या सहीची गरज नाही’ एवढं बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर लिहायला काय अडचण आहे? लसीकरणाचा वार लिहितोच की आपण.

सिरिंज, गोळ्या आणि प्रशिक्षणाचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीत कुठेही बसेल इतका किरकोळ आहे. साखर कारखान्यांनाही यात ओढा. तोडणी टोळ्यांची यादी त्यांच्या शेती खात्याकडे नावानिशी असते, तीच आरोग्य केंद्राला द्यायची आणि आठवड्यातून एकदा तळावर सिस्टर पाठवायची. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी त्याआधी एवढं करून दाखवावं, आणि झालं नाही तर कोणत्या टेबलावर अडलं ते सभागृहात सांगावं.